आधी प्रश्न लिहा, मग फाइल उघडा

ऐरोलीच्या एका कंपनीत सायबर हल्ल्यांवर नजर ठेवण्याची नोकरी करत मी ‘जीआरईएम’ या परीक्षेची तयारी केली. संशयित फाइल उलगडून ती आतून काय करते हे सांगता येतं का, ते ही परीक्षा पाहते. दिव्यासारख्या उपनगरात राहून, लोकल आणि शिफ्ट सांभाळत हा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी हे अनुभव.

१. सगळा कोड वाचायला बसू नका. काहीशे केबीची फाइल उलगडली तरी असेंब्लीच्या हजारो ओळी समोर येतात. आधी कागदावर प्रश्न लिहा. मशीन बंद करून चालू केल्यावर ही फाइल पुन्हा कशी जागी होते? कुणाशी बोलते? काय उचलते? दुसऱ्या मशीनवर असली तर कोणत्या खुणेने ओळखायची? मग त्या प्रश्नाचं उत्तर जिथे असेल तेवढीच फंक्शन्स उघडा. माझ्या मते या विद्येचा निम्मा भाग म्हणजे काय वाचायचं नाही हे ठरवणं.

२. स्क्रीनवरच्या मजकुरावर विश्वास ठेवू नका. याचं उदाहरण दारातलंच आहे. दिव्याच्या पादचारी पुलावर उभं राहिलं की पनवेलकडून वसईकडे जाणाऱ्या लांबलचक कंटेनर गाड्या दिसतात. हा माल येतो त्या न्हावाशेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल २७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात ठप्प झालं होतं. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली आणि फटका इथवर बसला. स्क्रीनवर खंडणीची मागणी होती, सोबत एक लांबलचक ओळख-क्रमांक. पैसे भरा, हा क्रमांक कळवा, फाइली परत मिळतील असा तो मजकूर. विश्लेषकांनी कोड उलगडला तेव्हा कळलं की तो क्रमांक निव्वळ यादृच्छिक अक्षरांचा आहे. त्यावरून फाइली उघडण्याची किल्ली काढणं हल्लेखोरालाही शक्य नव्हतं. म्हणजे हेतू विध्वंसाचा होता, खंडणी हा मुखवटा. पैसे भरावेत की नाही, या प्रश्नाचं खरं उत्तर त्या एका शोधात होतं. म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं.

३. प्रयोगशाळा घरीच उभी करा, पण घरापासून तोडून. अधिकृत प्रशिक्षणाची फी काही लाखांच्या घरात जाते. ती कंपनी भरत असेल तर उत्तमच. नसेल तर विश्लेषणाची साधनं एकत्र देणारे ‘रेमनक्स’ आणि ‘फ्लेअर व्हीएम’ फुकट आहेत, अमेरिकेच्या एनएसएने २०१९ मध्ये खुलं केलेलं, कोड उलगडणारं ‘घिड्रा’ फुकट आहे. सिकोर्स्की आणि होनिग यांचं ‘प्रॅक्टिकल मालवेअर ॲनालिसिस’ २०१२ चं असलं तरी त्यातले सराव आजही हात घडवतात. व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बाहेर जाऊ देऊ नका, शेअर्ड फोल्डर बंद ठेवा, नमुना चालवण्याआधी स्वच्छ स्नॅपशॉट घ्या. त्याच वायफायवर आईबाबांचे यूपीआयचे फोन असतात, हे विसरून चालत नाही.

४. असेंब्ली कागदावर वाचा. गर्दीच्या लोकलमध्ये लॅपटॉप उघडता येत नाही, घडी घातलेला प्रिंट मात्र उभ्याउभ्या वाचता येतो. एक छोटं फंक्शन, तेवढंच. लूपमध्ये एकेक बाइट घेऊन तो एका किल्लीशी एक्सऑर करणारा कोड दिसला की तिथे बहुधा काहीतरी लपवलेलं असतं. त्याच किल्लीने पुन्हा एक्सऑर केलं की मूळ मजकूर परत येतो. असे साचे डोळ्यांत बसायला वेळ लागतो. तो द्या.

५. ज्याच्यावर हल्ला झाला, त्याचा धंदा समजून घ्या. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले; १३ तारखेला बँकांच्या ‘स्विफ्ट’ संदेशप्रणालीमार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला वळवले गेले. व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांचा बनावट स्विच होकार देत होता. खात्यात शिल्लक आहे का, हा प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हता. एटीएमचा निरोप कुठून कुठे जातो हे ज्याला माहीत नाही, त्याला असा कोड समोर ठेवूनही कळणार नाही. बँकेतला मित्र गाठा, त्याला विचारा.

६. परीक्षेला छापील पुस्तकं नेता येतात, इंटरनेट नसतं. स्वतःच्या हाताने त्या पुस्तकांची विषयसूची बनवा. दुसऱ्याची उसनी घेऊ नका.

७. शिकलेलं गल्लीत वापरा. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते. ‘जेडॅक्स’ या एपीके उलगडणाऱ्या साधनात ती उघडून आधी मॅनिफेस्ट, म्हणजे ॲपने मागितलेल्या परवानग्या जिथे लिहिलेल्या असतात ती फाइल, वाचा: चलान दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? मग तो एसएमएस कुठे पाठवला जातो ते शोधा. शेजारच्या काकूंना ‘ट्रोजन’ हा शब्द सांगून काही होत नाही. “काकू, तुमचा ओटीपी दुसऱ्या कुणाला तरी दिसतोय,” म्हटलं की त्या हातातलं काम टाकून फोन पुढे करतात. तेव्हा आधी नेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावायचा.