सफरचंद म्हटलं म्हणून

बुंदेलखंडातल्या गुरसरायसारख्या जुन्या मराठी जहागिरीच्या गावात मूल घरी मराठी बोलतं, गल्लीत बुंदेली आणि टीव्हीसमोर हिंदी. अशा तीन वर्षांच्या पोराला नर्सरीच्या इंटरव्ह्यूत चित्र दाखवून ‘व्हॉट इज धिस?’ विचारलं, की ते गप्प बसतं, नाहीतर ‘सफरचंद’ म्हणतं. उत्तर बरोबरच असतं. पण टेबलापलीकडच्या मॅडम आईकडे बघून कसनुसं हसतात आणि फॉर्मवर काहीतरी टिपतात. ते हसू मला अजून पचलेलं नाही. घरात इंग्रजी किती आणि बापाची ऐपत किती, यापलीकडे त्या टिपणातून काय कळणार? ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, ते मुलाला त्याच्याच भाषेत बोलतं करायला. ही मंडळी बोलत्या मुलाला गप्प करतात.

कायदा आहे ना, असं म्हणून पालक गाफील राहतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 प्रवेशासाठी मुलांची चाळणी करायला बंदी घालतं; पहिल्या वेळी 25 हजार रुपयांपर्यंत दंड, पुढे दर वेळी 50 हजारांपर्यंत. मात्र कायद्यातलं ‘बालक’ सहा ते चौदा वर्षांचं. 2013 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही नर्सरीच्या सर्वसाधारण जागांना ही बंदी लागू नाही, असाच अर्थ लावला. जिथे मूल सर्वांत लहान, तिथेच कुंपण मोडकं! दुर्बल घटकांसाठीच्या 25 टक्के जागा मात्र, शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर, तिथूनच लागू होतात. हे शाळा आपणहून सांगेल, या भ्रमात राहू नका.

जागा थोड्या, अर्ज फार, मग निवड नको का, असं शाळावाले विचारतात. हवी की. चिठ्ठ्या टाका. त्या 25 टक्के जागांना सोडत चालते, तर बाकीच्या जागांना काय धाड भरते? दुसरं म्हणतात, परवडत नसेल तर अंगणवाडी आहे. आहेच, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण देणं तिचं कामच आहे. पण तो सल्ला पैसे भरायच्या आधी द्यावा.

जन्मदाखला, आधार, फोटो वेळेवर काढून ठेवा, हे कुणीही सांगेल. मी सांगते ते पावतीचं. पैसे देण्यापूर्वी कोरी पावती मागून तिची मागची बाजू वाचा. ‘परतावा मिळणार नाही’ हे तिथेच, मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. ‘प्रवेश शुल्क’, ‘विकास निधी’, ‘साहित्य’ असे वेगवेगळे आकडे लिहून मागा. आणि ‘आज भरले नाहीत तर जागा जाईल’ असं कुणी म्हणालं, तर तेही कागदावर लिहून द्या म्हणावं.