वाऱ्याला बटण नसते!

घरात विजेची दुरुस्ती करायची झाली, की आपण आधी मेन स्विच बंद करतो. पण शेतात बसवलेल्या छोट्या पवनचक्कीचे काय? तिला फिरवणाऱ्या वाऱ्याला बटण नसते!

अशा चक्कीच्या जनित्रात बहुधा कायम चुंबक असतात. पाती फिरली की चुंबक फिरतात आणि फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे वेटोळ्यांत विद्युत्‌दाब निर्माण होतो. वेग दुप्पट, तर दाबही दुप्पट. आता समजा, सोसाट्याच्या वाऱ्यात कोणी जनित्राच्या तारा बॅटरीपासून सोडवल्या. प्रवाह थांबला, म्हणजे चुंबकांना होणारा विरोधही संपला. पाती मोकाट सुटतात, दाब कितीतरी पट चढतो आणि तारांची उघडी टोके धोकादायक होतात.

म्हणून आधी चक्की थांबवायची, मगच तारांना हात लावायचा. वारा मंद असताना जनित्राच्या तिन्ही तारा खास स्विचने एकमेकींना जोडतात. वेटोळ्यांत मोठा प्रवाह वाहतो आणि तो चुंबकांच्या फिरण्याला विरोध करतो. लेन्झचा नियम आठवला ना? पाती मंदावली, की ती पक्की अडकवून ठेवतात.

चक्की गावच्या वीजवाहिनीला जोडली असेल, तर आणखी एक जबाबदारी येते. वीज गेली, वाहिनी बंद करून वायरमन खांबावर चढला. पण चक्की वीज ढकलतच राहिली तर? रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारे रोहित्र उलट बाजूने वीज मिळाल्यास ४३३ चे ११,००० करील! ‘बंद’ वाहिनी अशी त्या माणसाच्या जिवावर उठेल. म्हणूनच वाहिनीतील वीज जाताच चक्कीचा इन्व्हर्टर आपोआप तुटला पाहिजे. शिवाय वायरमनला सहज पोचता येईल अशा जागी, कुलूप लावता येणारा स्विचही हवा.

करून पाहा : खेळण्यातील मोटर सेलपासून सोडवा. तिच्या आसावर पुठ्ठ्याची चकती घट्ट बसवून बोटाने फिरवा. मग मोटरची दोन्ही टोके तारेने जोडून तेवढ्याच जोराने पुन्हा फिरवा. चकती केव्हा लवकर थांबते? का?