दिवस गेल्याचे कळण्याआधी

बार्शीटाकळीच्या एखाद्या वस्तीत सुनेचा गर्भ दुसऱ्या महिन्यात पडला की पहिला प्रश्न येतो, ‘काय उचललं? काय खाल्लं?’ दोष बाईच्याच पदरात पडतो. म्हणून गर्भाची सुरुवात कशी होते, ते आज आपण पाहू.

सरकी टोबली की कोंब आधी बियातल्या साठ्यावर जगतो, मग मुळे धरतो. गर्भाचेही तसेच असते. पहिले दोन-तीन दिवस तो आईच्या अंड्यातल्या साठ्यावर चालतो. चार ते आठ पेशी झाल्या की त्याची स्वतःची जनुके जोमाने कामाला लागतात. उंदरात हे दोन पेशींवरच होते, गाईत आठ ते सोळा पेशींवर.

मग गर्भ ‘वाढघटक’ नावाची प्रथिने तयार करतो. ‘वाढा, विभागा’ असा निरोप ती पेशींना देतात. आईची गर्भनलिका आणि गर्भाशयही असे निरोप पाठवतात. सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाला चिकटू लागतो. इन्सुलिनसारखा एक वाढघटक पुढे गर्भ आणि वार वाढवतो. त्याच्या जनुकाची तेव्हा बापाकडून आलेली प्रत काम करते. म्हणजे वाढीत बापाचाही वाटा आहे.

हे पहिले दिवस शरीराबाहेरही सांभाळता येतात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली, ती याच ज्ञानावर.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची चूक असते. ती घरकामाने होत नाही. मुलगा की मुलगी, हे बापाच्या शुक्रजंतूवरून गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. ‘मुलगा होण्याचे’ औषध ते बदलू शकत नाही. उलट गर्भाला अपाय करू शकते.

मग आपल्या हाती काय आहे? बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असेल तर किमान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारावे. आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल, तर जास्त मात्रा डॉक्टर ठरवतील. खर्रा, तंबाखू, दारू दोघांनीही सोडावी.

आणि गर्भ पडलाच तर सुनेला प्रश्न विचारू नये. तिला दवाखान्यात न्यावे, चार दिवस आराम द्यावा.