उसावरची पांढरी भुकटी आणि प्रेसमड



उभ्या उसाच्या कांड्यावर, पेराच्या खाली, पांढरा पट्टा असतो. नख लावले की भुकटी निघते. आपल्यातले बरेच जण तिला धूळ समजतात. ती धूळ नव्हे, उसाने स्वतः तयार केलेले मेण आहे.

या मेणात लांब साखळीचे अल्कोहोल जास्त, आणि थोडे हेप्टाकोसेनसारखे हायड्रोकार्बन असतात. हेप्टाकोसेन म्हणजे २७ कार्बन एका रांगेत आणि त्यांना चिकटलेले ५६ हायड्रोजन. दुसरे काही नाही. आकडा विषम का? वनस्पती ही साखळी दोन-दोन कार्बन जोडत वाढवते आणि शेवटी एक कार्बन गळतो, म्हणून २७, २९, ३१. कोबीच्या पानावर २९ चा भाई असतो, मधमाशीच्या मेणात २७ आणि ३१ चेही सापडतात. मेणबत्तीचे पॅराफिन याच कुळातले, फक्त ते खनिज तेलातून येते.

हेप्टाकोसेन साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळते, उसाचे एकूण मेण ७५-८० च्या आसपास. म्हणून वाळूज-गंगापूरकडच्या मे महिन्यातही ते कांड्यावर घट्ट राहते आणि आतले पाणी उडू देत नाही. पाण्याशी त्याचे मुळीच जमत नाही. औषध फवारताना थेंब ओघळून जातात ते यामुळेच. फवाऱ्यात स्टिकर घाला असे सांगतात ते उगीच नव्हे.

आता कारखान्याकडे या. गाळपात काही मेण चिपाडाबरोबर जाते, काही रसात उतरते. रस शंभर अंशांच्या वर तापवतात तेव्हा ते वितळते, आणि चुना-गंधकाच्या प्रक्रियेत गाळाबरोबर खाली बसते. हाच आपला प्रेसमड! वाळलेल्या प्रेसमडात मेण-चरबी शेकडा ५ ते १४ भाग भरते.

म्हणूनच ताजा प्रेसमड ट्रॉलीतून थेट सरीत ओतू नका. आम्हीही एकदा घाई केली होती. ढेकळे झाली, पाणी वरूनच पळाले, आणि कुजताना उष्णता धरली ती वेगळीच. जिवाणू हे मेण खातात, पण सावकाश. बांधावर ढीग लावा, शेण व पाचट मिसळा, ओल राखा, पंधरवड्याने वरखाली करा. दोन-तीन महिन्यांनी मुठीत धरून बघा. तुपकटपणा गेला, मातीचा वास आला, की मग लागणीआधी शेतात पसरा.