शांत संगणकाची जुळणी
आमच्या एका खोलीच्या घरात वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात. टीव्हीला संगणक जोडून चित्रपट पाहावा, तर आपल्याला हेडफोन लावता येतो. पंख्याची घरघर मात्र खोलीभर पसरते. तिचे मूळ उष्णतेत आहे. २०२१ साली आलेल्या एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी या ६५ वॉटच्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय आहे. हलक्या खेळांना ती पुरते. म्हणून वेगळे कार्ड, त्याचा खर्च व त्याचा पंखा, तिन्ही टळतात. १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही लहान पंख्याइतकी हवा खेचतो. एसएसडीत फिरती तबकडीच नसते. थोडक्यात, यंत्र जितके कमी तापेल तितके ते शांत राहील आणि खिशालाही परवडेल.