ब्राउझरमधील मराठी मजकूर आणि स्वतःची फाइल



बोलीच्या क्षेत्रीय कार्यात शब्द कसे गोळा करावेत, हे तुम्ही मागील उपघटकात अभ्यासले. गोळा केलेले शब्द जतन कसे करावेत, हा प्रस्तुत उपघटकाचा विषय आहे. तो वरवर संगणकशास्त्राचा वाटेल. परंतु मराठीच्या अभ्यासकाला तो टाळता येणार नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली छापला गेला आणि आजही तो उघडून वाचता येतो. तुम्ही या वर्षी टंकलेली शब्दसूची दहा वर्षांनी वाचता येईल की नाही, हे मात्र ती कशा स्वरूपात साठवली यावर अवलंबून राहील.

मजकूर कोठे असतो?

भोकर तालुक्यातील एखाद्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने मराठीबरोबर तेलुगू आणि दखनी उर्दूही तिच्या कानावर पडते. गावातील वडीलधाऱ्यांकडून ती अवजारांची नावे आणि ‘काय करायलास?’ यांसारखी क्रियारूपे ऐकते व मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या एका नोंदपानावर लिहीत जाते. असे पान जावास्क्रिप्टच्या थोड्याशा ओळींत तयार करता येते. मात्र टंकलेली अक्षरे त्या वेळी यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात. पान बंद झाले, किंवा स्मृती अपुरी पडल्याने मोबाइलने ते पुन्हा पहिल्यापासून उघडले, की शब्द नाहीसे होतात. ऐंशी वर्षांच्या आजोबांकडे तेच प्रश्न घेऊन पुन्हा जाणे दर वेळी शक्य होतेच असे नाही.

‘लोकल स्टोरेज’ नावाची ब्राउझरची सोय अनेकांना पुरेशी वाटते. तिच्यात ठेवलेला मजकूर पान बंद केल्यावरही राहतो, हे खरे. परंतु तो त्या एका ब्राउझरच्या, त्या एका संकेतस्थळाच्या कप्प्यात असतो. कोणी ‘ब्राउझिंग डेटा’ पुसला की कप्पाही रिकामा होतो. कच्च्या नोंदीसाठी ही सोय वापरावी. संग्रह म्हणून तिच्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

फाइल कशी तयार होते?

संकेतस्थळावरील कोडला तुमच्या यंत्रावर हवी तेथे फाइल लिहिता येत नाही. ही उणीव नसून संरक्षण आहे. अन्यथा कोणतेही पान तुमच्या कागदपत्रांवर हात फिरवू शकले असते. म्हणून कोडला वापरकर्त्याच्या संमतीची वाट धरावी लागते. प्रथम तो मजकूर ‘ब्लॉब’ नावाच्या वस्तूत बांधतो. ब्लॉब म्हणजे नाव नसलेले, स्मृतीतच असलेले गाठोडे. मग त्या गाठोड्याचा एक तात्पुरता पत्ता तयार करून तो दुव्याला जोडला जातो आणि दुव्याच्या ‘डाउनलोड’ या गुणधर्मात फाइलचे नाव लिहिले जाते. दुवा दाबला की ब्राउझर ती फाइल ‘डाउनलोड्स’ या फोल्डरमध्ये ठेवतो. या सर्व क्रियेत मजकूर इंटरनेटवरून कोठेही जात नाही, त्यामुळे पान आधीच उघडलेले असेल तर जोडणी नसतानाही फाइल तयार होते.

हीच रीत पुन्हा वापरली तर जुनी फाइल बदलत नाही. कंसात आकडा जोडलेली नवी फाइल तयार होते. म्हणून नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी. २०२० पासून क्रोममध्ये वापरकर्त्याने एकदा फाइल निवडून परवानगी दिल्यावर त्याच फाइलमध्ये लिहिण्याची सोयही आली आहे. पण ती सर्व ब्राउझरांत नाही. नेट कॅफेत काम करत असाल तर एक ध्यानात ठेवा : फाइल तेथील संगणकावर उतरते. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि तेथून पुसा. तीत निवेदकांची नावे असतात.

दिसणारे अक्षर आणि साठवलेले अक्षर

भाषाभ्यासकाने खरे लक्ष येथे द्यावयाचे आहे. जुन्या ‘शिवाजी’ किंवा ‘कृतिदेव’ यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइलीत प्रत्यक्षात देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांच्या जागी फॉन्टने देवनागरी आकार दाखवलेले असतात. साध्या मजकूर-फाइलीत फॉन्ट जात नाही, त्यामुळे उरतो तो रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे आणि ब्लॉबमध्ये घातलेला मजकूर युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने साठवला जातो. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणजे पंधरा बाइट झाले.

तरीही एक गुंता उरतो आणि तो आपल्या भाषेचाच आहे. ‘कुऱ्हाड’मधील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : एक, स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त, दुसरा, नेहमीचा र, हलन्त आणि त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. फाइलीत मात्र पहिले रूप २१ बाइटांचे, तर दुसरे २४ बाइटांचे असते. कोडने तुलना केली तर ते दोन भिन्न शब्द ठरतात. बोलींच्या सूचीत शब्दांची वारंवारता मोजताना यामुळे आकडे चुकतात आणि हा पर्यायी उच्चार असावा, असा निष्कर्षही एखादा घाईत काढू शकेल. ‘ॲ’चेही तसेच आहे : ते एक चिन्ह म्हणून साठते किंवा ‘अ’ आणि चंद्र अशी दोन चिन्हे म्हणून. जतन करण्यापूर्वी कोडच्या एखाद्या ओळीने सर्व रूपे एकसारखी करून घ्यावीत. नंतर हजारो नोंदींत हा दोष शोधणे फार कष्टाचे असते.

एक्सेलमध्ये यादी उघडल्यावर मराठीऐवजी खुणा असलेली रोमन अक्षरे दिसली, तर मजकूर बिघडला असे समजू नका. एक्सेलने लिपी-संकेत चुकीचा ओळखलेला असतो. फाइलच्या आरंभी ‘बॉम’ हे अदृश्य चिन्ह घातल्यास सहसा अडचण दूर होते.

क्षेत्रीय कार्य

‘कुऱ्हाड’ एवढा एकच शब्द दोन वेगवेगळ्या यंत्रांवर, शक्य तर एकदा मोबाइलवर आणि एकदा संगणकावर, टंकून फाइलीत जतन करा. दोन्ही फाइलींचा आकार किती बाइट आहे ते पाहा आणि तुमचा कळफलक कोणते रूप देतो ते नोंदवा. त्यानंतर गावातील शेतीच्या अवजारांची वीस नावे त्याच रीतीने जतन करून ती फाइल तिसऱ्या यंत्रावर उघडा. कोणता शब्द बदललेला दिसला आणि का, हे दहा ओळींत लिहा.