डाळीचं पाणी नको, डाळ द्या

"डॉक्टर, रोज डाळीचं पाणी पाजते, तरी बाळाचं वजन का वाढत नाही?" सात-आठ महिन्यांच्या बाळाची आई हमखास हे विचारते. उत्तर सोपं आहे. पाण्यानं इवलंसं पोट भरतं, डाळ मात्र भांड्यात तळाशीच राहते.

सप्टेंबरच्या पोषण महिन्यात अंगणवाडीत पाककृती मांडतात. बिटाची बर्फी, नाचणीचा केक, मग फोटो! घरी मात्र रेशनचा तांदूळ-गहू, मूठभर तूरडाळ आणि शेंगदाणे. तुमच्या वस्तीत स्वयंपाकाचा वर्ग घेणार असाल, तर याच डब्यांतून सुरुवात करा. वेळ संध्याकाळची ठेवा, दुपारी आलं की मजुरी बुडते. सासूबाईंनाही बोलवा, बाळाला काय भरवायचं ते बहुतेक घरांत त्याच ठरवतात. बाबा आले तर उत्तमच.

मऊ खिचडी शिजवा, चमचाभर तेल आणि शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. अख्खा दाणा नको, घशात अडकतो. आता चमचा तिरका करा. घास ओघळला तर पातळ, चमच्याला धरून राहिला तर बरोबर. सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. मग हळूहळू अर्धी वाटी. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

आणखी एक गंमत करून दाखवा. नाचणीच्या घट्ट, गरम खिरीत चमचाभर नाचणी सत्त्व (मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ) घालून ढवळा. खीर बघता बघता सैल होते. मोड येताना तयार झालेलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च तोडतं. पाणी न वाढवता बाळाला गिळता येतं. नंतर एक उकळी आणा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणून मुलांना चहा-बिस्किट नकोच, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा.

रिकामा डबा मात्र कुठल्याही वर्गानं भरत नाही. रेशनकार्डावर बाळाचं नाव चढलंय का, अंगणवाडीचा आहार मिळतो का, हे तिथेच विचारून घ्या.

सहा महिन्यांपुढच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर पाककृतीवर विसंबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.